पावसात गेटवर पिल्लं सोडून जातात, ठेवायची कुठे?

भांडुपकर: आमचं शेल्टर म्हणजे एक गाळा आणि मागचं पत्र्याचं शेड, सगळे नोकरी सांभाळून येणारे. पाऊस लागला की लोक खोक्यात पिल्लं घालून गेटवर ठेवून पसार होतात. परवा आलेल्यातल्या एकाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब, पार्वो निघाला, म्हणजे कुत्र्यांना होणारा तो विषाणूचा आजार. सगळीकडे फिनाईल मारलंय, अजून काय करू? मांजरं पण बाजूलाच आहेत.

मांजरवेडी: फिनाईल आधी बंद करा!! पार्वो त्याने मरत नाही आणि मांजरांना ते विषारी असतं, पंजे चाटतात ना ती. लादी साबणाने घासून मग ब्लीच, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवून सुकवा. ॲसिडमध्ये मिसळू नका. नवीन आलेलं कोणीही दोन आठवडे वेगळं, भांडी खराटा चपला पण वेगळ्या, आणि आजारी पिल्लांचं काम सगळ्यात शेवटी.

परळचा_बंड्या: सलाईन लागणार असेल तर वाट बघू नका, बैलघोड्याला, म्हणजे परळच्या प्राण्यांच्या हॉस्पिटलात घेऊन या, पिल्लं भराभर कोसळतात.

सोसायटीवाला: मग भटके कुत्रे पण ठेवून घ्या की, आमच्या गेटवर चार आहेत.

मांजरवेडी: @सोसायटीवाला कानाला खाच आहे का बघा. असेल तर नसबंदी झालेली आहे, २०२३ च्या एबीसी (भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या) नियमांप्रमाणे ते जिथले तिथेच सोडतात. शेल्टरची जागा आजारी आणि जखमींना पुरत नाही इथे.

भांडुपकर: ब्लीच आणायला पोरगं पाठवलंय. बाथरूम रिकामी करून पिल्लं तिकडे हलवतो.