न्यूमोनियाच्या वासराचं ट्रोपोनिन तपासावं का?

चर्चेची सुरुवात (गोठामालक)
थंडी पडली की एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित वासरांना ढास लागते, ताप १०४ च्या वर जातो. आपण फुफ्फुसावर इलाज करतो, हृदयाकडे कुणी बघतच नाही. फुफ्फुस भरलं की ऑक्सिजन कमी पडतो, जंतूंचं विष रक्तात उतरतं, उजव्या हृदयावर ताण येतो. हृदयाच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातलं ट्रोपोनिन आय हे प्रथिन रक्तात येतं. निरोगी वासरात ते नावालाच सापडतं. सीकेवर (क्रिएटिन कायनेज, स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) विसंबून चालत नाही. मांडीत इंजेक्शन टोचलं किंवा वासरू आडवं पडून राहिलं तरी सीके वाढतं. म्हणून धाप लागलेल्या वासराचं ट्रोपोनिन तपासायलाच हवं.

पशुवैद्य, तालुका दवाखाना
दादा, शास्त्र बरोबर आहे, पण माझा विरोध आहे. रक्त जिल्ह्याला पाठवून रिपोर्ट हातात येईस्तोवर वासराचा निकाल लागलेला असतो. प्रत्येक मशीनचा आकडा वेगळा, मग धोक्याची रेषा कुठे मारायची? आणि गोऱ्हा असेल तर मालक गाडीभाडंसुद्धा द्यायला तयार नसतो. मी शांत उभ्या वासराची कूस बघून मिनिटभर श्वास मोजतो, नाडी बघतो, हिरड्यांचा रंग बघतो. आकडा वाढलेला निघाला, तर इलाजात नेमकं काय बदलणार, ते सांगा.

गोठामालक
दोन गोष्टी बदलतील, डॉक्टरसाहेब. टिल्मिकोसिन हे न्यूमोनियाचं अँटिबायोटिक हृदयाला बाधतं, ते टाळता येईल. सलाईन जोरात सोडलं जाणार नाही.

पशुवैद्य, तालुका दवाखाना
न्यूमोनियात सलाईन सावकाशच सोडायचं असतं. त्यासाठी रिपोर्ट कशाला? टिल्मिकोसिनला पर्यायही आहेत, शंका आली तर मी आधीच दुसरं औषध काढतो.

दूध उत्पादक ताई
डॉक्टर, लाळ्या-खुरकूत विसरलात का? त्यात लहान वासरू तोंडात एकही फोड नसताना दूध पिता पिता कोसळतं. आमच्याकडे शवविच्छेदनात हृदयावर पिवळसर-पांढरे पट्टे दिसले होते, तोवर सगळे न्यूमोनियाच समजत होते. उरलेल्या वासरांपैकी कुणाचं हृदय धरलंय, हे तेव्हा कळलं असतं तर त्यांना पळवलं नसतं, औषध पाजायला दाबून धरलं नसतं. एका वासराचा खर्च मी आनंदाने केला असता.

पशुवैद्य, तालुका दवाखाना
ताई, तुमचं म्हणणं मान्य. कळपात अचानक मरतूक होत असेल तर तपासणी करा, मी स्वतः रक्त काढून देईन. पण दर ढासणाऱ्या वासरामागे हा खर्च लावायला मी तयार नाही. तो पैसा आधी लसीवर घाला, गोठ्यात हवा खेळती ठेवा. जन्मल्यावर दोन तासांच्या आत चीक पाजा, वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका.

गोठामालक
चीक आणि लस आम्ही चुकवत नाही, तरीही वासरं दगावतात. माणसांच्या ट्रोपोनिन मशीनवर वासराचं रक्तही चालतं, कारण दोघांतलं हे प्रथिन जवळपास सारखंच आहे. तालुक्याच्या गावात हृदयरोगाचे दवाखाने झालेत. त्यांच्या लॅबशी बोलणी केली तर रिपोर्ट त्याच दिवशी मिळेल.

पशुवैद्य, तालुका दवाखाना
जनावराचं रक्त ते घेतात का, तेवढं विचारून इथे कळवा. घेत असतील तर धाप न थांबलेल्या वासरांपुरतं मी पाठवून बघतो.