मदत हवी आहे: वेब नकाशातून प्रमाणात बसणारी, मराठी-गुजराती अक्षरं शाबूत असलेली पीडीएफ कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्यातले काही जण मिळून एक वेब नकाशा चालवतो. ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा फतेगंज, समा, कारेलीबाग, अकोटा भागात कुठल्या गल्लीत पाणी कितपत चढलं, कुठला रस्ता आधी बंद झाला, कुणाची गच्ची आसऱ्याला मिळाली, हे घरोघरी विचारून त्यावर भरलं आहे. मोबाइलवर नकाशा उत्तम चालतो. पण पूर आला की पहिली जाते ती लाइट, आणि पाठोपाठ मोबाइलची बॅटरी. म्हणून प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ए३ कागदावरचा नकाशा हवाच. सेक्रेटरींनी आपला भाग स्क्रीनवर आणायचा, बटण दाबायचं आणि झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणायची, इतकं सोपं ते व्हायला हवं.

नकाशा ओपनलेयर्समध्ये (वेब नकाशे दाखवणारा तयार कोड) आहे, पीडीएफसाठी जेएसपीडीएफ (ब्राउझरमध्येच पीडीएफ बनवणारा तयार कोड) वापरतोय. ब्राउझरचं साधं प्रिंट करून पाहिलं, त्यात नकाशा अर्धा कापला जातो. कॅनव्हासचं, म्हणजे ब्राउझर ज्या फलकावर नकाशा रेखाटतो त्याचं, चित्र पीडीएफमध्ये टाकलं तर नकाशा पूर्ण येतो, पण उंचीच्या रेषांचा थर चालू असला की ब्राउझर सुरक्षेचं कारण देऊन चित्र द्यायलाच नकार देतो. तो थर दुसऱ्या सर्व्हरवरून येतो.

प्रमाणाची अडचण याहून मोठी. १:२००० ठरवून काढलेल्या प्रिंटवर पट्टी ठेवली, तर १०० मीटरचा रस्ता ५० मिमी यायला हवा, तो ५४ मिमी येतो. दोरी कुठून कुठवर पुरेल, हे लोक याच कागदावर मोजणार आहेत, त्यामुळे हा फरक मला चालणारा नाही.

आणि अक्षरं! शीर्षकात ‘विश्वामित्री’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘व’च्या आधी न येता नंतर जाऊन बसते, ‘श्व’ फुटून ‘श’चा पाय मोडलेला दिसतो. गुजरातीचीही तीच गत. फॉन्ट पीडीएफमध्ये घातलेला आहे, तरीही हेच. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद:

प्रमाणाचं आधी. वेब नकाशे बहुतेक वेब मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट मांडायची एक पद्धत, तिचा क्रमांक ईपीएसजी ३८५७) असतात. त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तसं अंतर फुगत जातं. बडोदं साधारण २२.३ अक्षांशावर आहे, तिथे ही फुगवटी सुमारे ८ टक्के. तुमचे ५० चे ५४ मिमी तिथूनच आले. ओपनलेयर्समध्ये गेटपॉइंटरिझोल्यूशन नावाचं फंक्शन आहे, ते नकाशाच्या मध्यबिंदूवरचं खरं अंतर धरून रिझोल्यूशन, म्हणजे एका पिक्सेलला किती मीटर, ते देतं. प्रिंटचं गणित त्यावरून करा. १:२००० ला ए३ आडव्या कागदावर ८४० बाय ५९४ मीटरचाच भाग मावतो, तेवढ्यात एक मध्यबिंदू पुरेसा आहे.

थर नाकारला जातो तो कॉर्समुळे, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरचं चित्र परवानगीशिवाय उचलू न देण्याच्या ब्राउझरच्या नियमामुळे. त्या थराच्या सोर्सला क्रॉसओरिजिन ‘अ‍ॅनॉनिमस’ द्या, पण समोरच्या सर्व्हरनेही उत्तरासोबत तशी परवानगी (हेडर) पाठवायला हवी. तो पाठवत नसेल तर आपल्याच सर्व्हरवर प्रॉक्सी (थर आपल्यामार्फत आणून देणारा मध्यस्थ) लावा, अर्थात त्यांच्या वापराच्या अटी वाचून. आणि चित्र उचलण्याआधी ‘रेंडरकम्प्लीट’ची (नकाशा पूर्ण रेखाटून झाल्याच्या इशाऱ्याची) वाट बघा, नाहीतर नकाशाचे काही तुकडे (टाइल) कोरे राहतील.

जेएसपीडीएफ फॉन्ट घालतं, पण जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवायचं काम करत नाही. ते काम ब्राउझर चोख करतो. म्हणून शीर्षक, सूची, टिपा सगळं कॅनव्हासवरच लिहा आणि चित्र म्हणून पीडीएफमध्ये टाका. मजकूर शोधता येणार नाही, पण नोटीस बोर्डावर त्याचं काही अडत नाही.

आणखी एक. ए३ ला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे ४९६१ बाय ३५०८, जवळपास १ कोटी ७४ लाख पिक्सेल. आयफोनच्या सफारीत बरीच वर्षं कॅनव्हासची मर्यादा सुमारे १ कोटी ६७ लाखांची राहिली आहे, त्यापलीकडे कोरा कागद मिळतो. २०० डीपीआय ठेवा. रेघाही जाड करा: पडद्यावर ठसठशीत दिसणारी २ पिक्सेलची रेघ ३०० डीपीआयला जेमतेम ०.१७ मिमीची उमटते, झेरॉक्समध्ये ती उडून जाईल.

प्रतिसाद:

वरचं सगळं बरोबर आहे, पण मी हे काम ब्राउझरकडे ठेवलंच नसतं. सेक्रेटरींच्या हातात कुठला फोन असेल ते आपल्या हातात नाही. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर लावा. डेस्कटॉपवर एकदा ए३चा लेआउट नीट बेतून ठेवा, मग वेबवरून फक्त नकाशाची चौकट ‘गेटप्रिंट’ विनंतीतून पाठवायची, तयार पीडीएफ परत येते. रेघा आणि अक्षरं व्हेक्टरमध्ये (ठिपक्यांऐवजी आकार म्हणून) राहतात, कितीही मोठं करा, फाटत नाहीत. प्रकल्पाचं प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर (बडोदं ज्या पट्ट्यात येतं त्याचं मीटरमधलं प्रक्षेपण), म्हणजे ईपीएसजी ३२६४३ ठेवलंत की बडोद्यात प्रमाण पट्टीने मोजून जुळेल. सर्व्हरवर नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स गुजराती हे दोन्ही फॉन्ट मात्र आठवणीने टाका, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन येतील.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. गेटपॉइंटरिझोल्यूशन लावलं, १०० मीटर आता बरोबर ५० मिमी आले. ‘विश्वामित्री’ही कॅनव्हासवरून सुरेख उमटली. सध्या हेच लोकांना देतो, पावसाळ्याआधी क्यूजीआयएस सर्व्हरवर जाऊ. एकच शंका राहिली: दुकानातून आलेली एक प्रिंट जरा लहान निघाली. पीडीएफ तीच होती.

प्रतिसाद:

दुकानात ‘फिट टू पेज’ चालू असणार. ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के सांगायचं. तरी दुकानदार विसरणारच, म्हणून कागदावर नुसतं १:२००० न लिहिता मोजपट्टी छापा. कागद आक्रसला तर तीही त्याच प्रमाणात आक्रसते, अंतर चुकत नाही. आणि पाया ओपनस्ट्रीटमॅपचा असेल तर छापील कागदावरही त्यांचं श्रेय द्यावं लागतं, मोजपट्टीच्या बाजूला एक ओळ पुरते.