पूर्ण झालेली मालिका सुचवा, लटकवणारी नको

लंगडी_घोडी: पायाला प्लास्टर, तीन आठवडे घरी. वेळच वेळ आहे, पण गोष्ट संपलेली हवी. मागे एका मालिकेचे दोन सीझन जीव टाकून पाहिले. शेवटच्या एपिसोडला नायिका दार उघडते आणि पडदा काळा. वर्षभराने कळलं, तिसरा सीझन येणारच नाही. दारात कोण उभं होतं ते आता मला मरेपर्यंत कळायचं नाही.

सोबत आई असते. ती सबटायटल्स सावकाश वाचते, त्यामुळे दर दोन वाक्यांनी पॉज. खूनखराबा चालेल, जवळून दाखवलेला नको. ड्रामाच सुचवा.

अणुरेणू: चेर्नोबिल (2019). पाचच एपिसोड. शेवटच्या भागात शास्त्रज्ञ लेगासॉव कोर्टात लाल-निळ्या पाट्या लावत अणुभट्टी कशी फुटली ते समजावतो. मला शाळेत फिजिक्स इतकं कधी कळलं नव्हतं. (खरा लेगासॉव त्या खटल्याला हजरच नव्हता, पण सीन बघताना ते आठवत नाही.) तिसऱ्या भागातलं हॉस्पिटल मात्र आईंना झेपणार नाही, ते पुढे ढकला.

बाल्टिमोरचा_जावई: मी एकच नाव घेणार, आणि इथले जुने लोक आता डोक्याला हात लावणार. द वायर. 2002 ते 2008, पाच सीझन, 60 एपिसोड, सगळं संपलेलं. लिहिणाऱ्यांपैकी एक जण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचा क्राइम रिपोर्टर, दुसरा तिथलाच पोलीस आणि नंतर शाळामास्तर. त्यामुळे पोलीस, गोदी, राजकारण, शाळा, वर्तमानपत्र असं एकेका सीझनला शहराचं एकेक अंग उघडत जातं.

पहिल्या सीझनमध्ये दोन पोरं बुद्धिबळाच्या सोंगट्या घेऊन भलताच खेळ खेळत बसलेली असतात. त्यांचा वरचा माणूस त्यांना खरा डाव शिकवतो. एक पोरगा विचारतो, प्यादं पार पलीकडे पोचलं तर? उत्तर येतं, प्यादी लवकर मरतात. तिघंही ड्रग्ज विकणारे, एका मोडक्या सोफ्याभोवती. मी चार वेळा पाहिलाय तो सीन.

मधलं_बोट: जावईबापू, त्यातली बोली मला सबटायटल्स लावूनही पहिले तीन भाग कळली नव्हती. यांच्या आई निवृत्त होतील बघताबघता.

आणि हो, कोणी अ‍ॅडोलेसन्स सुचवेल, तर पॉज करत बघायची असेल तर वाटेला जाऊ नका. चार एपिसोड, प्रत्येक एपिसोड एकाच सलग शॉटमध्ये. थांबवली की दम गेला.

त्यापेक्षा डार्क बघा. जर्मन आहे, 2017 ते 2020, तीन सीझन, 26 एपिसोड, गोष्ट गाठ मारून संपवलेली. गावातून मुलगा गायब होतो आणि कथा 2019, 1986, 1953 अशी 33-33 वर्षांच्या उड्या मारते. चार घराणी, एकच माणूस तीन वयांत. ही मालिका पॉज करूनच बघायची असते. इंग्रजी डबिंग नको, मूळ जर्मन आवाज ठेवा. पहिल्या सीझनमधली प्रेतं जरा बघवत नाहीत, तेवढं सांभाळा.

लंगडी_घोडी: अठरा दिवसांनी आले. डार्क लावली. तिसऱ्या एपिसोडला माझं डोकं बंद पडलं, आईचं चालू झालं. लग्नाच्या पंगतीत कोण कोणाचा कोण ते लावणारी बाई ती! मार्कर घेतला आणि माझ्या प्लास्टरवरच चारही घराण्यांची वंशावळ काढली. 1953 घोट्यापाशी, 2019 गुडघ्यापाशी. दुसऱ्या सीझनला म्हणते कशी, "हे जमायचं नाही, सगोत्र आहे." कोणाचं ते सांगत नाही, पण बाई बरोबर निघाली.

परवा प्लास्टर निघणार. तिसऱ्या सीझनचे पाच भाग राहिलेत. आईने सांगून ठेवलंय, डॉक्टरांना म्हणावं मागच्या बाजूने कापा.

बाल्टिमोरचा_जावई: दुसरा पाय मोडला की द वायर.