आत्याची मिश्रीची डबी: अंगावर काढलेल्या दुखण्यांचे अनुभव

केतकी_ब
काल गावाकडचं घर आवरताना माजघरातल्या कोनाड्यात आत्याची मिश्रीची डबी सापडली. मिश्री म्हणजे दाताला लावायची भाजलेली तंबाखू. झाकण उघडलं आणि तोच वास. हातातलं काम टाकून तिथंच बसले.

आत्याच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला होता. "उष्णता झालीय" म्हणून तूप लावलं, गुलकंद खाल्ला. मग तोंड उघडेना. भाकरी दुधात कुस्करून, पुढं नुसतं दूधच. घरात सगळ्यांना दिसत होतं, पण सुगी चालू होती आणि ती स्वतःच म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आमच्या गावापासून एसटीनं तासाभरावर. तिथं पोचायला आम्हाला आठ महिने लागले! तिथून मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलात. वडिलांनी बैलजोडी विकली. वर्ष भरायच्या आत आत्या गेली.

इतकी वर्षं मी हे कुणाशी बोलले नाही. तुमच्या घरातही असं कुणीतरी असणार. लिहा.

वाटसरू७२
परळ म्हटलं की मला फुटपाथ आठवतो. २००९, वडिलांची घशाची गाठ. आम्ही जळगावचे. पहिल्या चार रात्री टाटाबाहेर चादर टाकून काढल्या. शेजारी बिहारचं कुटुंब, पलीकडे बंगालचं. भाषा कळत नव्हती, पण रात्री वडिलांना ठसका लागला की त्या बिहारी बाई उठून पाणी द्यायच्या. नंतर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. पहिल्याच दिवशी वडील गरम पाण्यानं आंघोळ करून आले आणि रडले. उपचार स्वस्तात झाले हो, पण सहा महिने माझी मजुरी बुडाली. ती कुठल्या हिशेबात धरायची?

दुर्वांकुर
केतकी, डबी पितळेची का गं? आमची आजी तव्यावर तंबाखू भाजायला लागली की सगळी पोरं खोकत अंगणात पळायची. आमच्याकडं मशेरी म्हणतात.

केतकी_ब
हो, पितळेची. घासून घासून नक्षी पुसलीय.

रानजाई
दात शिवशिवतात म्हणून लावायची सुरुवात, आणि मग सुटत नाही. माझ्या सासूबाई दिवसातून चार वेळा लावायच्या. बायका तंबाखू खात नाहीत असं म्हणणाऱ्यांना मिश्री दिसतच नाही.

आशाताई_मराठवाडा
मी गावात आशा सेविका आहे, तेरा वर्षं झाली. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरते, उपकेंद्रावर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड तपासतात. गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीला लागतं काय? व्हिनेगरसारखं पातळ आम्ल, कापूस, बॅटरी. लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग दिसला तर पुढं पाठवायचं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉक्टरांनी दहावी झालेल्या बायकांना शिकवून हीच तपासणी वर्षानुवर्षं केली, तर त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आणि इथं मी दारोदार फिरते तर "मला काही होत नाही", "मालकाला विचारते", "पुढच्या बुधवारी". गेल्या वर्षी एक बाई तीन बुधवार चुकवून आली तेव्हा अंगावरून जाणाऱ्या पाण्याला वास येत होता. तिची धाकटी तिसरीत आहे. मला झोप लागत नाही कधीकधी.
गडबडीत लिहिलंय, कुकर लावलाय.

रानजाई
ताई, तुम्ही फिरत राहा. तुमच्यासारख्या एकीमुळे माझी जाऊ वाचली.

नागपुरी_संत्रं
आमच्याकडे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा. माझा भाऊ अकरावीपासून खायचा. २०१२ ला राज्यात गुटखाबंदी झाली तेव्हा आई देवासमोर साखर ठेवून आली होती. पण खर्रा पानठेल्यावर मिळतच राहिला. एकतिसाव्या वर्षी भावाचा अर्धा जबडा काढला. आता बोलतो ते मला आणि आईलाच कळते. त्याची मुलगी विचारते, बाबा असे का बोलतात.

कुसुमाकर
माझं काम आकड्यांचं, म्हणून त्या बाजूनं लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात साधारण १४ लाख नवे रुग्ण आणि ९ लाखांवर मृत्यू. अमेरिकेत त्याच वर्षी नवे रुग्ण २३ लाखांवर, मृत्यू मात्र ६ लाखांच्या आसपास. तिथे म्हातारी माणसं जास्त, कॅन्सरचे प्रकार वेगळे, हे धरूनही ही तफावत मला छळते. यातली किती माणसं केतकीच्या आत्यासारखी आठ महिने घरात बसलेली असतील?
बार्शीचं नाव आलं म्हणून सांगतो. खेड्यातल्या कॅन्सरची देशातली पहिली नोंदणी तिथेच १९८७ मध्ये सुरू झाली. माणसं गावोगाव जाऊन विचारायची. त्याआधी खेड्यातलं असं मरण कुठे मोजलंच जात नव्हतं.

मीनल_के
मला आंघोळ करताना गाठ लागली. दुखत नव्हती. लेकीची बारावी होती म्हणून पाच महिने कुणाला बोलले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. केमो महात्मा फुले योजनेतून झाली, बाकीच्या खर्चाला सोसायटीचं कर्ज. सहा वर्षं झाली, बरी आहे. लेक अजून म्हणते, आई, मी परीक्षा पुन्हा दिली असती गं.

दुर्वांकुर
मीनलताई 🙏

वाटसरू७२
नागपूरवाले, भावाला स्पीच थेरपी चालू आहे का? आमच्या वडिलांना फरक पडला होता. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

केतकी_ब
सगळं वाचलं. काल डबी सापडली तेव्हा मी आईला दाखवली. तिनं ती उघडली, चिमूट घेतली आणि सवयीनं दाताला लावली. माझ्यासमोर. आत्याची सगळी सेवा तिनंच केली होती.
आज तपासणीचं काढलं तर म्हणाली, "शेंगा काढून झाल्या की जाऊ."

नागपुरी_संत्रं
भाऊ कापूस वेचून झाल्यावर जाऊ म्हणाला होता. आधी न्या ताई.

केतकी_ब
बुधवारी नेतेय. शेंगांना दोन बाया लावल्यात.