मदत हवी आहे: भाचीचा सांभाळ आणि ऐरोलीतील नोकरी

मी कळव्याला राहते आणि ऐरोलीतील एका खासगी कंपनीत नोकरी करते. बहीण व मेहुणे दोघेही हयात नसल्याने त्यांची चार वर्षांची मुलगी माझ्याकडे आहे. मी अविवाहित, त्यामुळे आमचे घर म्हणजे आजी, मावशी आणि भाची. आजवर आईच्या जोरावर सारे निभावले, परंतु पुढील महिन्यात तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे.

प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 मधील दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आमच्याकडे ती आहे, मात्र भाची ही ‘अपत्य’ नाही, असे सांगून माझा अर्ज परत करण्यात आला. (शाळेच्या अर्जातील ‘आईचे नाव’ या रकान्यापाशीही माझा हात असाच अडखळतो.) कुटुंब म्हणजे केवळ आईवडील व मुले नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले खरे, पण ते प्रकरण सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रसूती रजेचे होते, त्याचा आधार मला घेता येईल का?

1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली ठाणे जिल्हा न्यायालयात पालकत्वासाठी कोणी अर्ज केला असल्यास किती काळ लागला, आणि तोवर कार्यालयाने कोणती कागदपत्रे ग्राह्य धरली, हे कृपया कळवावे. ठाणे-ऐरोली पट्ट्यात संध्याकाळी साडेसातपर्यंत चालणारे खात्रीचे पाळणाघर ठाऊक असल्यास तेही सांगावे.