ट्रिम लावूनही एन/ए जात नसेल तर...

प्रश्न असा आहे: एक्सेलमध्ये व्हीलूकअप (कोडवरून दुसऱ्या शीटमधली माहिती शोधून आणणारं फंक्शन) एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही' असा एरर देतंय, आणि ट्रिम (जास्तीच्या स्पेस काढणारं फंक्शन) लावूनही तो जात नाही. त्यावर इफएरर (एररच्या जागी आपण दिलेली किंमत दाखवणारं फंक्शन) लावून एररच्या जागी शून्य दाखवायचा सल्ला दिला गेलाय, तो शेअर्ड शीटमध्ये तरी मला पटत नाही. रकान्यात शून्य दिसतं, बेरीज गपचूप कमी येते आणि महिनाअखेरीस अकाउंट्सवाले आपल्या डोक्यावर बसतात. एन/ए दिसतोय तेच बरं.

ट्रिम लावूनही व्हीलूकअप चालत नाही म्हणताय, तर कोड एखाद्या वेबपेजवरून कॉपी केलेत का ते बघा. तिथून बऱ्याचदा कॅरेक्टर १६० ची (दिसायला नेहमीसारखीच, पण एक्सेलच्या लेखी वेगळी) स्पेस चिकटून येते. ट्रिम फक्त नेहमीची, म्हणजे ३२ नंबरची स्पेस काढतं. हिला हात लावत नाही. लेन (अक्षरं मोजणारं फंक्शन) लावून पाहा: कोड सहा अक्षरी दिसतोय आणि उत्तर ७ येतंय, तर चोर सापडला. ती स्पेस काढायला =सबस्टिट्यूट(ए२,कॅर(१६०),"") वेगळ्या रकान्यात लावा (फंक्शनची नावं अर्थात इंग्रजीत) आणि पेस्ट स्पेशलने व्हॅल्यूज मूळ जागी टाका. आता उत्तर टेक्स्ट असतं, हे मात्र लक्षात ठेवा. ज्या शीटमध्ये शोधताय तिथे तेच कोड नंबर म्हणून असतील तर एन/ए तसाच राहील. मग त्यावर व्हॅल्यू (टेक्स्टचा नंबर करणारं) फंक्शन लागेल. पण ००४५२१ सारखे कोड असतील तर ते करू नका, सुरुवातीची शून्यं उडतात. तिथे दुसऱ्या शीटमधले कोडच टेक्स्ट करून घ्या.