नवा वन बीएचके, पावणेदोन लाखांचं बजेट: सुतारकाम किती करावं, तयार किती घ्यावं?

मुक्काम_रावेत

पुण्याजवळ रावेतला वन बीएचकेचा ताबा पुढच्या महिन्यात मिळतोय. कार्पेट ४१० चौ. फूट. हॉल १० बाय १५, बेडरूम १० बाय ११. किचनमध्ये बिल्डरने कडप्प्याच्या उभ्या फळ्यांवर ग्रॅनाइटचा ओटा करून दिलाय, खाली सगळं मोकळं. बांधकाम मिवानचं (अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं काँक्रीट). राहणारे आम्ही दोघं आणि आई; आई हॉलमध्ये झोपणार. फ्रिज, वॉशिंग मशीन, शेगडी आहे. बाकी सगळं घ्यायचंय आणि त्यासाठी हातात पावणेदोन लाख आहेत. कर्ज काढायचं नाही.

एका सुताराने वॉर्डरोब (६ फूट रुंद, ७ फूट उंच), स्टोरेजचा बेड, टीव्ही युनिट, ट्रॉल्या आणि शू रॅक मिळून ३ लाख ९० हजार सांगितले. एकट्या वॉर्डरोबला १८ एमएमच्या ९ शीट लागतील म्हणतो. हे बरोबर आहे का? आणि सुताराकडून नक्की काय करून घ्यावं, काय तयार आणावं? आईसाठी सोफा कम बेड पाहतोय, तोही चालेल का सांगा.

पटाशी

९ शीट नाही लागत. हिशोब मांडतो, सुतारासमोर ठेवा.

शीट ८ बाय ४. वॉर्डरोब दोन फूट खोल, मध्ये एक उभं पार्टिशन, दोन्ही बाजूंना तीन-तीन कप्पे, १८ इंची चार दारं असं धरू. दोन बाजू आणि पार्टिशन मिळून ७ बाय २ चे तीन तुकडे. एका शीटमधून दोन निघतात, म्हणजे दीड शीट. उरलेल्या अर्ध्यातून दोन कप्पे. वरची आणि खालची फळी एका शीटमधून, शिवाय त्याच्या तुकड्यातून एक कप्पा. आणखी एका शीटमधून बाकीचे तीन कप्पे. दारं एका शीटमधून दोन, म्हणजे चार दारांना दोन शीट. प्रत्येकीतून वर फूटभर रुंदीची पट्टी उरते, ती ड्रॉवरच्या दर्शनी फळीला. झाल्या ६. पाठीमागे ६ एमएमची प्लाय ४२ चौ. फूट, त्याच्या २ शीट आणाव्या लागतात. उरलेली अर्धी ड्रॉवरच्या तळाला. ड्रॉवरच्या बाजूंना १२ एमएमची अर्धी शीट.

खोली मात्र पूर्ण २४ इंच सांगू नका. करवतीच्या पात्यात ३-४ एमएम जातात, ४८ इंचांतून २४ चे दोन तुकडे निघतच नाहीत. साडेतेवीस सांगा, नाहीतर कटिंगच्या वेळी शीट वाढते आणि ती तुमच्या बिलात येते.

दर ठरवताना ‘स्क्वेअर फूट’ म्हणजे समोरचं माप का उघडलेलं माप (प्रत्येक फळी वेगळी मोजून), हे आधी लिहून घ्या. समोरून मोजलं तर हा वॉर्डरोब ४२ चौ. फूट. ड्रॉवर, आतलं लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनेल (ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्या), हँडल, कुलपं त्यात धरलीत का, हे एकेक विचारायचं. भांडणं बहुतेक याच जागी होतात.

प्लायबद्दल: बेडरूमला एमआर ग्रेड (ओलावा सोसणारी, आयएस ३०३) पुरते. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारी, आयएस ७१०) ओट्याखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर वापरा. सगळं घर ७१० मध्ये करायचा आग्रह कोणी धरला तर तो खर्च टाळण्यासारखा आहे. सात फुटी दारांना मात्र प्लायऐवजी ब्लॉकबोर्ड घ्या, लांब दार प्लायमध्ये बाक धरतं. बाहेर १ एमएम लॅमिनेट लावलंत तर आतूनही ०.८ लावाच. एकाच बाजूला लावलेलं दार पावसाळ्यात वाकतं, मग वरचा कोपरा कितीही बिजागरी फिरवली तरी बसत नाही.

बिजागऱ्या सात फुटी दाराला चार, एकूण १६. यातल्या ८ झीरो क्रँक (दार फळीची पूर्ण कड झाकतं; कडेच्या दारांना) आणि ८ हाफ ओव्हरले, म्हणजे दुकानात ‘आठ क्रँक’ म्हणतात त्या (दार अर्धीच कड झाकतं; मधल्या दोन दारांना, कारण ती एकाच पार्टिशनवर येतात). सगळ्या झीरो क्रँक आणल्या की मधली दारं एकमेकांवर आदळतात आणि सुतार रंध्याने कड उतरवत बसतो.

माल स्वतः आणणार असाल तर प्लाय पुण्याच्या भवानी पेठेत टिंबर मार्केटला, बिजागऱ्या-चॅनेल बोहरी आळीत. शीटच्या कडेवर छापलेला आयएस नंबर आणि परवाना क्रमांक बघा, आणि कडेला पोकळी दिसली तर ती शीट परत.

ओटाधारी

पटाशींचा हिशोब बरोबर आहे, पण पावणेदोन लाखांत वॉर्डरोब बसवायचा हट्टच कशाला? सुरुवात किचनपासून करा. कपडे दोन महिने बॅगेत राहतील, रोजचा स्वयंपाक ओट्याखाली खोक्यांत हात घालून होत नाही.

तुमचा ओटा कडप्प्यावर उभा आहे ही चांगली गोष्ट. त्यात प्लायचा डबा बसवायची गरज नाही, ट्रॉल्या थेट कडप्प्याच्या फळ्यांत बसतात. फक्त फ्रंट (दर्शनी फळी) लागतं. डब्याची प्लाय, तिचं लॅमिनेट आणि मजुरी वाचते, शिवाय डब्याच्या दोन्ही बाजूंचे ३६ एमएम रुंदीत परत मिळतात.

माप असं घ्या. दोन फळ्यांमधलं अंतर वर, मध्ये, खाली आणि पुढे, मागे असं मोजा. गवंड्याने बसवलेला कडप्पा क्वचितच ओळंब्यात असतो, दोन टोकांत ८-१० एमएमचा फरक सर्रास निघतो. सगळ्यात लहान माप खरं धरायचं. समजा ते ५२० एमएम आलं. चॅनेल अडकवायला दोन्ही बाजूंना १२ एमएमच्या पट्ट्या (बीडब्ल्यूपी प्लाय किंवा डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकूड-प्लास्टिकचा बोर्ड), त्याचे २४. टेलिस्कोपिक चॅनेल एका बाजूला साधारण १३, दोन्हींचे २६. म्हणजे बास्केट (ट्रॉलीची तारेची टोपली) ४७० ची. दुकानदार ‘वीस इंची घेऊन जा, बसेल’ म्हणाला तरी घेऊ नका. घट्ट बसलेलं चॅनेल आठवड्यात गोळ्या सोडतं.

कडप्प्याला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद. हॅमर चालू ठेवला तर मागच्या बाजूने कपची उडते, कधी फळीच उभी तडकते.

बास्केट ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, किमान सिंकजवळच्या आणि मीठ-मसाल्यांच्या तरी. २०२ स्वस्त, पण जोडावरच्या वेल्डिंगपासून गंज धरतो. चुंबक लावून ओळखायचा सल्ला सगळे देतात, त्यात अर्थ नाही, चुंबक २०२ लाही नीट चिकटत नाही. बिलावर ‘३०४’ लिहून घ्या.

सिंकखाली ट्रॉली नको. अॅल्युमिनियमच्या चौकटीचं झडपांचं दार लावा, आत फिनेल आणि बादली. पाइप गॅस येणार असेल तर त्याची चावी हात घातला की सापडेल अशी ठेवा, फ्रंटच्या मागे गाडू नका. सिलिंडर असेल तर त्या कप्प्याच्या दाराला तळाशी जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो.

भिंतीवरची कपाटं आत्ता करू नका. सहा महिने वावरल्यावर कळतं कुठे हात पोचतो ते. तोवर स्टीलचा मांडणीचा रॅक पुरे.

मुक्काम_रावेत

दोघांचे आभार. सुतार म्हणतो की प्लायच्या डब्याशिवाय ट्रॉल्यांची ‘गॅरंटी’ नाही. आणि कपड्यांचं मग काय? बेड कुठला घ्यावा?

ओटाधारी

डबा केला तर त्याचं बिल वाढतं. दुसरा ट्रॉलीवाला बोलवा, हे काम रोज करणारे वेगळे असतात.

पेठेतली_काकू

कपड्यांना दोन स्टीलची कपाटं. नेहमीचं माप ७८ इंच उंच, ३६ रुंद, १९ खोल. दोन शेजारी ठेवली की तुमचा सहा फुटी वॉर्डरोबच झाला, आणि खोली साडेतेवीसऐवजी १९, म्हणजे साडेचार इंच वाचतात. गेज विचारा: २० गेज २२ पेक्षा जाड. रिकाम्या कपाटाचं दार अर्धं उघडून वरचा कोपरा हलवून बघा. पत्रा लटपटला तर पुढचं दुकान. एकात तिजोरी घ्या, दुसऱ्यात नुसते कप्पे आणि साड्या-शर्टांना दांडी.

तयार पार्टिकल बोर्डाचा वॉर्डरोब दिसायला छान आणि स्वस्त, पण त्याचे स्क्रू भुश्शात बसतात. एकदा जोडला की तो तिथलाच. घर बदलताना उघडलात तर परत भोकं धरत नाहीत, आणि फरशी पुसताना तळाशी पाणी लागलं की कड फुगते. घेतलाच तर खाली पाय असलेला घ्या.

सोफा कम बेड रोजच्या झोपेसाठी नको. त्यातली गादी पातळ, मधला सांधा कमरेखाली येतो, आणि रोज रात्री उघडायचा-मिटायचा कोण? आईंना ६ बाय ३ चा दिवाण. बसायची उंची गादीसकट १८ इंच हवी, गुडघे दुखणाऱ्या माणसाला १४-१५ इंचांवरून उठवत नाही. म्हणजे ५ इंची गादी असेल तर दिवाण १३ इंचांचा. वर दोन लोड आणि चादर टाकली की दिवसा तीच बैठक. पाहुण्यांना चार घडीच्या खुर्च्या. खालची पेटी ओढायच्या ड्रॉवरची घ्या. वर उचलायची फळी असेल तर प्रत्येक वेळी गादी काढावी लागते.

तुमच्या बेडरूमचं गणित: ११ फुटांत ६ फुटी पलंग आणि दीड फुटाचं कपाट गेलं की साडेतीन फूट उरतात, त्यात कपाटाचं दार उघडतं. पलंग ५ फुटी घेतलात तर साडेचार. दोघांना पाच चालतो का ते तुम्ही ठरवा. लांबी मात्र ७८ इंचच. ७२ इंची गादी स्वस्त म्हणून आणतात आणि सहा फुटी माणसाचे पाय रात्रभर बाहेर. गादी आधी पक्की करा, मग पलंग, आणि पलंगाच्या आतलं माप गादीपेक्षा अर्धा इंच जास्त ठेवा.

पलंग जुना चालेल, सागवानी किंवा लोखंडी. भाड्याने राहणारे लोक शहर सोडताना विकतात. सांध्यांत, स्क्रूच्या खाचेत, फळीच्या खालच्या बाजूला टॉर्च मारून ढेकूण बघा; काळे बारीक ठिपके दिसले की हात लावू नका. लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. गादी आणि कापडी सोफा जुना कधीच नाही.

पटाशी

काकूंशी एका बाबतीत असहमत. स्टीलच्या कपाटात १९ इंच खोली म्हणजे हँगरवरचा कोट आडवा बसत नाही, बाही दाराला घासते. पण या बजेटात कपाटच घ्या, हे मान्य.

दुसरं कारणही आहे. नव्या घरात पहिला पावसाळा जाईपर्यंत भिंतीला चिकटून काहीच करू नये. ताबा घेताना बाथरूमची जाळी बंद करून इंचभर पाणी २४ तास भरून ठेवा, खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षं बिल्डरची असते. पण ओल आलेल्या भिंतीवर तुम्ही सुतारकाम ठोकलेलं असेल तर ‘तुमच्या ड्रिलिंगने झालं’ हे उत्तर तयार असतं. कपाटंही बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच सोडून.

एमसीबी

मिवान म्हणालात म्हणून लिहितो. तुमच्या भिंती काँक्रीटच्या आहेत. साधं ड्रिल फक्त तापेल, रोटरी हॅमर (एसडीएस बिट) लागतो, तो भाड्याने मिळतो. एकाच दिवशी पडद्यांचे रॉड, आरसे, टीव्हीचा ब्रॅकेट, गीझर, देवघराची फळी सगळी भोकं मारून घ्या. भोकातून राखाडी पूड आली तर काँक्रीट. पांढरी, मऊ पूड आली तर तो भाग एएसी ब्लॉकचा (हलक्या, सच्छिद्र विटेचा). तिथे हॅमर बंद करून ८०-१०० एमएमचा लांब नायलॉन प्लग, नाहीतर रॉड पडद्यासकट खाली. बिट मध्येच अडलं आणि खणखणलं तर सळई आहे, दोन इंच सरका, दाबू नका.

स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीच भोक नाही. वायरचे पाइप तिथूनच जातात. बाथरूमच्या टाइलवर आधी हॅमर न लावता टाइल पार करा, मग हॅमर.

पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, ३० वॅटच्या आसपास चालतात. जुना ७५ चा. रोज १२ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. पंखे, दिवे तपकीर गल्लीत बघा. झुंबर, प्रोफाइल लाइट, फॉल्स सीलिंग यातलं काहीही या बजेटात नाही.

पडदे: ५ फुटी खिडकीला रॉड ६ फुटी. चुणी नीट पडायला कापड दुप्पट, १२ फूट, म्हणजे तयार मिळणारे ४ फुटी तीन पडदे. रॉडला मधला ब्रॅकेट विसरू नका.

मुक्काम_रावेत

मग वाटणी अशी करतोय, हजारांत: ट्रॉल्या ४५, दोन कपाटं ३०, गाद्या २५, पलंग आणि दिवाण २५, पंखे-दिवे-गीझर २०, पडदे ८. झाले १५३, हातात २२. टीव्ही युनिट रद्द, टीव्ही भिंतीवर. शू रॅकही तयार. काही राहिलं का?

ओटाधारी

हातातल्या २२ मधून आधी सोसायटीचं काय ते विचारा: फर्निचर चढवायला लिफ्ट किती वाजेपर्यंत, डिपॉझिट किती, राडारोडा कोण उचलणार. ७८ इंची गादी लिफ्टमध्ये उभी मावते का तेही मोजा, नाहीतर जिन्याने चढवायला हमाल मजल्यागणिक पैसे मागतो. वॉशिंग मशीनच्या नळाला पाऊण इंची कनेक्टर आणि गीझरला दोन जोडनळ्या लिहून ठेवा, या गोष्टी बसवायला माणूस आल्यावर आठवतात. आणि ट्रॉल्यांचं माप ताबा मिळाल्यावरच घ्या, बिल्डरच्या नकाशावरून नाही.